थोराड रोहिणी

छापखान्यातला क्ष संपलाय, हे मला पहिल्यांदा बोटांनी सांगितलं. खिळे, म्हणजे शिशाची उलटी अक्षरं, जुळवणाऱ्याची नजर कागदावर असते आणि हात आपला आपण केसच्या, म्हणजे खिळ्यांच्या लाकडी पेटीच्या, घराघरांतून फिरत असतो. 'क'च्या घरातून 'म'च्या, 'म'च्या घरातून कान्याच्या. त्या सकाळी हात क्षच्या घरात गेला आणि बोटांना नुसतं लाकूड लागलं. खाली वाकून पाहिलं तर तळाशी शाईची धूळ आणि एक तुटका खिळा. समोरच्या कागदावर शब्द होता 'नक्षत्र', त्याच ओळीत पुढं 'कक्षा', आणि खालच्या ओळीत 'राक्षसी'. मी खिळे रचायची स्टिक हातात तशीच धरून उभा राहिलो. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती, शिसं सगळं तिकडं जात होतं, नवे खिळे कुठूनही मिळायचे नव्हते. परवा माझ्या नातीनं तिच्या फोनवर एका बोटानं क्ष उमटवून दाखवला. "किती पाहिजेत आजोबा? संपत नाहीत ते," म्हणाली, आणि ओळभर क्ष काढून दाखवले. मला उगाचच उधळपट्टी वाटली.

सांगलीत गणपतीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याला एक बोळ होता, त्यात अण्णांचा छापखाना. पुढं छापखाना, मागं घर, मधे गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या अलीकडं पायानं चालवायचं ट्रेडल मशीन खटक्-धप्प, खटक्-धप्प करायचं आणि पलीकडं अण्णांच्या पत्नी, काकू, भाकरी थापायच्या, थप-थप-थप. दोन्ही आवाजांची एकमेकांना इतकी सवय झालेली की मशीन थांबलं की काकू आतून ओरडत, "दगडू, कागद संपला काय रे?" आणि भाकरी थांबली की मशीनवरून दगडूमामा विचारायचा, "वैनी, पीठ सपलं का?" बाहेर हळदीच्या पेठेचा वास, आत शाईचा आणि रॉकेलचा, आणि अकराच्या सुमाराला पडद्याखालून येणारा कृष्णाकाठच्या वांग्याच्या भरताचा. हे सगळे वास एकत्र आले की मला अजूनही भूक लागते. पण आता ते एकत्र कुठं येतात!

मी आटपाडीहून आलेला. मराठी पाचवी अर्धी टाकून शाळा सुटली, आणि गावच्या कुळकर्ण्यांच्या ओळखीनं अण्णांनी मला ठेवून घेतलं. का ठेवून घेतलं, हे मला कधीच नीट कळलं नाही, आणि न कळलेल्या उपकाराची फार धास्ती असते. अण्णांनी घसा खाकरला की मला वाटे, झालं, आता सांगणार की तू जा बाबा आता. आल्यापासून किती तरी महिने मी माझी वळकटी पुरती सोडलीच नाही. रात्री वरचा पदर उलगडून निजायचं, सकाळी पुन्हा सुतळी आवळून ठेवायची. जेवताना दुसरी भाकरी मागायचं धाडस मला होत नसे. काकूंनी ते पहिल्या आठवड्यातच ओळखलं. त्या तिसरी भाकरी ताटात टाकायच्या आणि मग विचारायच्या, "महादू, दुसरी वाढू का रे?" मी मान हलवायच्या आत त्यावर लोण्याचा गोळा पडलेला असे. काकू अंगानं भरलेल्या होत्या, हसल्या की सगळं स्वयंपाकघर हललंसं वाटे, आणि त्या बऱ्याचदा हसत.

अण्णांचा छापखान्यात एकच कायदा होता. कॉपीत जे आहे तेच जुळवायचं. छापखान्याच्या भाषेत कॉपी म्हणजे लेखकानं दिलेला हस्तलिखित कागद. "मक्षिकास्थानी मक्षिका," अण्णा म्हणायचे, आणि प्रत्येक वेळी ती गोष्टही सांगायचे: एका लेखनिकाला पोथीची नक्कल करताना एका पानावर चिकटलेली मेलेली माशी दिसली, तर त्यानं एक माशी मारून नकलेतही त्याच जागी चिकटवली. "तसं पाहिजे!" लोक ही गोष्ट मूर्खपणाची म्हणून सांगतात. अण्णा ती आदर्श म्हणून सांगत.

माझी खोड नेमकी उलट होती. मी ओळ वाचायचो, मनात बोलायचो आणि बोलल्याप्रमाणं हात चालायचा. मनात बोलणारा मात्र आटपाडीचा. कॉपीत 'केव्हा' असलं तरी खिळे 'कवा'चे पडायचे. एका शाळेच्या अहवालात 'या वर्षी एकही विद्यार्थी नापास नाही' असं होतं. ते मी 'नापास न्हाई' असं जुळवलं, आणि अण्णांच्या नजरेतनं सुटून ते छापूनही गेलं. शाळेचे लोक छापलेल्या प्रती घेऊन परत आले. अण्णा माझ्यावर ओरडले नाहीत, तेच वाईट. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि शांतपणे म्हणाले, "महादू, हे एकदा झालं. दुसऱ्यांदा झालं तर मी स्वतः तुला आटपाडीच्या मोटारीत बसवून देईन. तुझ्याबद्दल राग नाही. पण हा धंदा अक्षरांचा आहे." मी त्या रात्री वळकटीची सुतळी सोडलीच नाही. तशीच उशाला घेतली.

अशात साताऱ्याहून ती चोपडी आली. लिहिणारे गणिताचे निवृत्त मास्तर, सगळा सातारा त्यांना अप्पामास्तर म्हणत असे. सोळा पानी पुस्तिका, नाव 'रोहिणी : एक राक्षसी तारा'. आता गंमत अशी की अण्णांचं नाव चंद्रकांत, आणि त्यामुळं लग्नात काकूंचं माहेरचं नाव बदलून ठेवलेलं नाव रोहिणी. चंद्राची आवडती कोण, तर रोहिणी. अण्णांनी कॉपीचं पहिलं पान पाहिलं, पडद्याकडं पाहिलं आणि पान पालथं ठेवलं. पण दगडूमामानं तेवढ्यात वाचलं होतं.

"अण्णा, मोठ्या लाकडी टायपात लावू का ह्ये नाव? भिंतीवर बी एक डकवू!"

"दगडू, मला अजून या घरात जेवायचं आहे."

"काय रे ते?" आतून काकू.

"काही नाही. आकाशातलं आहे," अण्णा म्हणाले.

"आकाशातली रोहिणी राक्षसी, वैनी! तुमी न्हवं!" मामा म्हणाला, आणि पडद्यापलीकडं भाकरी थापायची थांबून हसण्याचा असा काही गडगडाट झाला की मलाही हसू आवरेना.

खिळ्यांच्या दृष्टीनं मात्र ती चोपडी म्हणजे वैरीण होती. नक्षत्र, कक्षा, लक्ष, क्षितिज, क्षेत्रफळ, आणि पानोपानी राक्षसी, राक्षसी, राक्षसी. एरवी आम्ही चार पानं छापून खिळे सोडून परत घरात टाकत असू आणि तेच पुढं वापरत असू. पण मास्तरांची अट होती की सबंध सोळा पानं जुळवून, प्रूफं काढून, आधी त्यांना एकदम दाखवायची. गणितात मागचं चुकलं तर पुढचं चुकतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं सगळे क्ष दोऱ्यानं बांधलेल्या पानांत अडकून पडले. तीनवर पाच आणि पुढं तेरा शून्यं, इतके मैल लांब ती रोहिणी; तो आकडा मी न घाबरता जुळवला. आमच्याकडं शून्यं मुबलक होती. क्ष नव्हते. मग आम्ही छापखान्याची जुनी युक्ती केली: नसलेल्या अक्षराच्या जागी दुसराच खिळा उलटा रोवायचा, म्हणजे प्रूफात तिथं खिळ्याच्या बुडाचा काळा ठिपका उमटतो आणि वाचणाऱ्याला कळतं की इथं अक्षर यायचंय.

शेवटाकडची पानं जुळवत होतो तेव्हा दगडूमामा रुळाला शाई लावत माझ्यामागं येऊन उभा राहिला. "महादू, ह्यो राक्षसी तारा म्हंजे काय रं? माणसं खातो का?"

"न्हाई वो मामा. आंगानं लय मोठा, येवढंच. आपल्या सूर्यनारायणापरास चाळीसपट रुंद."

"मग थोराड म्हण की! आमच्या साडूचा रेडा हाय तसा. राक्षस कशाला मधी आणला मास्तरानं?"

"व्हय, थोराडच की," मी म्हणालो, आणि हसत हसत ओळ पुरी केली.

त्याच दिवशी अण्णांचे डोळे आले. दोन्ही डोळे लालभडक, पापण्या चिकटलेल्या. काकू त्यांना गुलाबपाण्याच्या घड्या लावून माजघरात बसवून होत्या. प्रूफं वाचायचा प्रश्नच नव्हता. मास्तरांचं तर पत्रावर पत्र. शेवटी अण्णा डोळे मिटूनच म्हणाले, "महादू, तूच घेऊन जा साताऱ्याला. मास्तर बघतील ते. हातोहात दे." काकूंनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा बांधून दिला, प्रूफांची गुंडाळी पंच्यात गुंडाळली, आणि मी आगगाडीत बसलो. आयुष्यात एवढा लांबचा प्रवास एकट्यानं पहिल्यांदाच. खिडकीशी जागा मिळाली, उसाचे मळे पळत होते, कुठं तरी गुऱ्हाळ चालू असल्याचा गोड धूर डब्यात येत होता, आणि मी इतका खुशीत होतो की शेजारच्या फौजीला म्हणालो, "बघायचं का काय नेतोय ते?" तो रजेवर निघालेला पलटणीतला शिपाई होता, ताकारीला चढलेला. मी त्याला दाखवायला म्हणून गुंडाळी सोडली आणि मोठ्यानं वाचू लागलो. अकराव्या पानावर अडकलो.

'रोहिणी हा थोराड तारा असून'. मी पुन्हा वाचलं. थोराड. मामाशी बोलत बोलत हातानं बोलणंच जुळवलं होतं. कॉपीत राक्षसी, आणि इथं ढळढळीत थोराड. तेही गणिताच्या, म्हणजे काना-मात्रेचा हिशेब मागणाऱ्या मास्तरांच्या पुस्तकात.

"काय झालं रं गड्या? तोंड का उतरलं?" फौजी म्हणाला.

"चूक झाली. दुसऱ्यांदा झाली. आता मला काढून टाकत्यात."

"मग खोड की."

"छापलेलं खोडत न्हाई वो."

त्यानं माझ्या भाकरीचा तुकडा मोडून चटणीत बुडवला आणि बराच वेळ चावत राहिला. रहिमतपूर आलं. गाडी बराच वेळ थांबली. मी उठून दारापर्यंत गेलो. वाटलं, इथंच उतरावं, उलटी गाडी धरावी आणि थेट गावची वाट धरावी. मोटारीत बसवून द्यायची अण्णांवर वेळच येऊ नये. "बस खाली," फौजी म्हणाला. "आमचा सुभेदार म्हणतो, पकडलं तर दोन सजा, आपून हून सांगितलं तर येकच. तू जाऊन पयलं सांगून टाक." त्याचं नाव विचारायचं राहिलं. तो लढाईतून परत आला का, हेही मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी मी खाली बसलो तो त्याच्यामुळं.

साताऱ्यात मास्तरांच्या घरी पोचलो तेव्हा भोगी होती. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोणी, आणि पावटा, गाजर, वांगं, हरभरा घातलेली मिसळभाजी. मास्तरांच्या पत्नीनं, माईंनी, पाय धुतल्याबरोबर ताटावर बसवलं. मला एरवी ते जेवण आयुष्यभर आठवलं असतं. खरं तर आठवतंच, पण घास गिळताना लागलेल्या ठसक्यासकट. मास्तर उंच, वाळलेले, डोक्याला मफलर. मी हात धुतल्याबरोबर म्हणालो, "मास्तर, पान अकरावर माजी चूक झालीया."

"थांब," ते म्हणाले. "अजून पान एक व्हायचंय."

आणि त्यांनी तांबडी पेन्सिल घेऊन पहिल्यापासून वाचायला घेतलं. मी समोर मांडी घालून. चौथ्या पानावर पेन्सिल थबकली. "हे काळे ठिपके कसले?"

"क्ष संपला, मास्तर."

"चाळीस वर्षं मी पोरांना क्ष काढायला शिकवलं," मास्तर म्हणाले, "आणि तुम्ही मला सांगता क्ष संपला? माई, ऐकलंस का? सांगलीत क्ष मिळत नाही!"

"मग आपल्याकडचे द्या थोडे," आतून माई म्हणाल्या. "तुमच्या वह्या भरल्यात."

मला हसू आलं आणि त्याचीच भीती वाटली. पान पाच, पान सहा. शून्यं त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं एकेक मोजली, तेराच्या तेरा. मधे चहा झाला. पान दहा. मग अकरावं. पेन्सिल चालत चालत आली आणि थांबली. मी डोळे मिटून घेतले.

"थोराड," मास्तर मोठ्यानं म्हणाले. मग पुन्हा, जरा हळू, जिभेवर घोळवल्यासारखं, "थोराड. हे तू घातलंस?"

"बोलता बोलता हातानं पडलं. मी जाणून न्हाई केलं. अण्णांचा काय दोष न्हाई, त्यांचं डोळं आल्यात. मला परत धाडत्याली त्ये, पर तुमी..."

"ते नंतर. तुमच्याकडे थोराड म्हणजे काय?"

मला वाटलं, परीक्षा चाललीय. "आंगानं वाढलेलं. जेवढं असावं त्यापरास मोठं दिसणारं. पोरगं थोराड हाय म्हणत्यात, म्हंजे आंग सुटलंय, पर तेवढं बळ असंलच असं न्हाई."

"बळ असेलच असं नाही," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग एकदम: "माई, तिळाचा लाडू आण. सगळ्यांत मोठा."

माईंनी उद्याच्या संक्रांतीचा म्हणून केलेला, मुठीत न मावणारा लाडू आणला. मास्तरांनी त्यातला एक तीळ नखानं सोडवला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "हा सूर्य. आपली सबंध पृथ्वी या तिळावर दिसायचीसुद्धा नाही. आणि हा लाडू म्हणजे रोहिणी. तिळाच्या चाळीसपट रुंद. आता रुंदी चाळीस, उंची चाळीस, जाडी चाळीस. यात तीळ किती मावतील?"

पाचवी अर्धी झाली होती, पण गुणाकार येत होता. मी बोटं मोडत राहिलो. "चौसष्ट हजार?"

"चौसष्ट हजार सूर्य मावतील एवढी जागा. आणि तिचं वजन किती असावं? दोन-चार तिळांचं! आतला वायू इतका विरळ, की आपल्या या खोलीतली हवा त्यापेक्षा दाट म्हणायची. कळलं? आणि हा सूर्य-तीळ तू साताऱ्यात ठेवलास, तर रोहिणीचा लाडू नागपूरच्या पुढं कुठं तरी ठेवावा लागेल. चल वर."

दिवेलागणीची वेळ होती. गच्चीवर थंडी मी म्हणत होती, खाली कुणी तरी तुळशीपाशी दिवा लावत होतं. अजिंक्यताऱ्याची काळी कड समोर, आणि आकाश अजून निळंच. "गावाचं नाव सातारा," मास्तर म्हणाले, "आणि वर बघणारा मी एकटा. ती बघ." त्यांच्या बोटाच्या रेषेत, उंचावर, एक तांबूस ठिपका होता. लुकलुकत नव्हती असं म्हणता येणार नाही, पण बाकीच्यांसारखी चुळबुळ नव्हती तिची. आटपाडीच्या रानात मेंढरांमागं मी ती शेकडो वेळा पाहिली होती. तिच्या नावानं रोहिणीचा पाऊस येतो एवढंच ठाऊक होतं. ती केवढी आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"तांबडी का दिसते?" मास्तरांनी विचारलं. "लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं की पांढरं?"

"आधी लाल. मग पिवळं, मग पांढरं."

"म्हणजे?"

"म्हंजे ही कमी तापलेली. सूर्यनारायणापरास गार?"

"बरीच गार. आणि तरी उजेड सूर्याच्या शंभरपटीहून जास्त. कमी तापलेली वस्तू जास्त उजेड कसा देईल? सांग बघू."

मी वर बघत राहिलो. थंडीनं दात वाजत होते, आणि अकरावं पान मी त्या मिनिटापुरतं साफ विसरलो. "थोराड हाय म्हणून," मी म्हणालो. "निखारा मंद, पर शेकोटी मोठी."

मास्तरांनी मफलर सोडला आणि माझ्या गळ्याभोवती गुंडाळला. मग म्हणाले, "हा जो उजेड तुझ्या डोळ्यांत आत्ता शिरतोय ना, तो तिथून निघाला तेव्हा मी पाळण्यात होतो. आणि हे असले तारे कोवळे असतात की म्हातारे, यावर अजून मोठमोठ्यांचं एकमत नाही." हल्लीच्या पुस्तकांत ते कोडं सुटलंय म्हणे. तारा उतारवयात असा फुगतो, आतली आग कमी पडत जाते आणि अंग सुटत जातं. मी ते वाचलं तेव्हा मास्तर नव्हते. असते तर मी साताऱ्याला गेलो असतो आणि म्हणालो असतो, बघा, थोराड म्हणजे वयानं मोठा असंही, शब्द वयासकट बरोबर निघाला.

पण त्या संध्याकाळी त्यांनी शब्दाबद्दल हो की नाही, काही सांगितलं नाही. खाली येऊन एक पत्र लिहिलं, गोंद लावून पाकीट बंद केलं, वर अण्णांचं नाव घातलं. "हे त्यांच्याच हातात दे. त्यांना काय लिहायचं ते लिहिलंय." सकाळी माईंनी तो मोठा लाडू माझ्या पंच्यात बांधला आणि मी परत निघालो. सातारा रोड स्टेशनापासून सांगलीपर्यंत ते पाकीट माझ्या सदऱ्याच्या आत, छातीशी. गोंद नीट लागला नव्हता, एक कोपरा सुटत होता. मी तो दर स्टेशनाला बोटानं दाबून पुन्हा चिकटवत आलो.

छापखान्यात शिरलो ते थेट अण्णांपुढं. डोळ्यांवर घड्या तशाच. "अण्णा, माझ्याकडनं परत चूक झाली," मी एका दमात म्हणालो, "आणि मास्तरांनी पत्र दिलंय." मशीन थांबलं. दगडूमामा हात पुसत आला. अण्णांनी पाकीट हातात घेतलं, चाचपलं आणि आत हाक मारली. "अहो, जरा वाचा बरं हे."

काकू पिठाचे हात पदराला पुसत आल्या आणि उभ्या उभ्या वाचू लागल्या. त्यांचं वाचन सावकाश, अक्षर अक्षर लावून. "सा. न. वि. वि. प्रूफे पाहिली. शून्ये बरोबर आहेत. पान अकरावर जुळाऱ्याने मूळ शब्द बदलला आहे." काकू थांबल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी वळकटीकडं पाहिलं. ती कोपऱ्यात, बांधलेलीच होती.

"वाचा पुढं," अण्णा म्हणाले.

"राक्षस बलाढ्य असतो, तापट असतो. ही तारका तशी नाही. ती थंड आहे, विरळ आहे, केवळ देहाने वाढलेली आहे. चार महिने शोधूनही जो शब्द मला सापडला नाही तो आपल्या जुळाऱ्याच्या हाताला सापडला. तरी कृपा करून बाकी सतराही ठिकाणी 'राक्षसी' काढून 'थोराड' घालावे. मुखपृष्ठावर 'थोराड रोहिणी' असे..." काकूंचा आवाज इथं चढला. "थोराड रोहिणी?"

"वैनी, तुमी न्हवं!" दगडूमामा घाईनं म्हणाला.

"अरे, राक्षसी परवडली रे! राक्षसीला लोक भितात तरी! महादू, माझ्या हातची भाकरी खाऊन मलाच थोराड म्हणतोस होय रे?" आणि त्या जमिनीवर फतकल मारून बसल्या त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिल्या. अण्णांच्या डोळ्यांतून आधीच पाणी येत होतं, त्यामुळं ते हसतायत की काय, हे कळायला वेळ लागला. लाडू फोडला. चौघांत वाटून खाल्ला. यात चौसष्ट हजार तीळ आहेत असं मी सांगितलं तर मामा म्हणाला, "मग माज्या वाट्याला सोळा हजार आलं न्हाईत. माप काढ."

सतरा राक्षस उपटून काढले आणि त्यांच्यात अडकलेले क्ष मोकळे झाले. उलटे रोवलेले खिळे एकेक काढून तिथं खरे क्ष बसवले. कुठंच कमी पडेना. मग आठवड्याभरानं मास्तरांची प्रस्तावना आली. तिच्यात शेवटून दुसरं वाक्य होतं: 'योग्य शब्द सुचविल्याबद्दल आटपाडीचे श्री.' आणि पुढं माझं नाव. मी ते वाक्य सोडून पुढचं जुळवायला घेतलं. मागं अण्णा उभे होते. डोळे आता बरे झाले होते. त्यांनी कॉपीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि उचललं नाही.

मी आयुष्यात पुष्कळांची नावं जुळवली होती. लग्नपत्रिकांतली, तेराव्याच्या कार्डांतली, सोसायट्यांच्या चेअरमनांची. स्वतःचं कधी नाही. खिळे आरशातल्यासारखे उलटे असतात, त्यामुळं माझं नाव मी पहिल्यांदा पाहिलं ते उलटं. ओळ झाली, दोऱ्यानं बांधली, प्रूफ काढलं. अण्णा दाराशी उजेडात जाऊन वाचू लागले. तांबडी पेन्सिल कानावरून हातात आली, खाली खाली सरकली आणि एका जागी थांबली.

मी धावत जाऊन पाहिलं. कॉपीत होतं 'महादेव'. मी जुळवलं होतं 'म्हादेव'. माझी आई हाक मारायची तसं.

"दुरुस्त करतो, अण्णा. आत्ता करतो."

अण्णांनी पेन्सिल परत कानावर ठेवली. "राहू दे," ते म्हणाले. "तुझं नाव तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक." आणि प्रूफाखाली सही करून त्यांनी कागद दगडूमामाच्या हातात दिला. मशीन सुरू झालं.

त्या दुपारी मी वळकटीची सुतळी सोडली, घडी घालून काकूंच्या हातात दिली, आणि काकूंनी ती कपडे वाळत घालायला दोरी म्हणून बांधून टाकली.